दारू बंद होणं आणि दारू सुटणं

आठव्या दिवशी बहुतेक घरांतून एकच प्रश्न येतो. "आता यांचे हात थरथरत नाहीत, झोप लागते, जेवण जातं. आठवडाभर थेंब घेतलेला नाही. मग गोळ्या बंद केल्या तर चालतील ना? परत यायलाच हवं का?" विचारणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी जरा उजेड आलेला असतो, म्हणून उत्तर देणं जिवावर येतं. या आठ दिवसांत दारू बंद झाली. ती सुटायला अजून सुरुवातही झालेली नाही.

बोलताना आपण हा फरक नकळत पाळतो. "बंद केली" हे माणूस स्वतःबद्दल सांगतो, अगदी काल बंद केली असली तरी. "त्याची सुटली" हे दुसरे लोक म्हणतात, आणि तेही वर्ष-दोन वर्षं गेल्यावर. वैद्यकात पहिल्याला डिटॉक्स म्हणतात, दुसऱ्याला व्यसनाचा उपचार. दोन्ही एकाच ओपीडीत, एकाच टेबलासमोर होऊ शकतात, म्हणून ती एकच गोष्ट वाटते. पण दोन्हींची मुदत वेगळी, औषधं वेगळी, धोकेही वेगळे.

'डिटॉक्स' हा शब्दच फसवा आहे. त्यातून वाटतं की शरीरात साचलेलं विष काढायचं आहे. खरं तर दारू रक्तातून साधारण दिवसभरात आपोआप निघून जाते, त्यासाठी औषध लागत नाही. त्रास सुरू होतो तो ती निघून जाते म्हणून. दारू मेंदूचं काम मंदावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू या दाबाविरुद्ध जोर लावून उभा राहायला शिकतो. दार बाहेरून कोणीतरी रेटतंय आणि आपण आतून अंगाचा भार देऊन ते थोपवून धरलंय, अशा वेळी बाहेरच्यानं अचानक हात काढला तर आपण तोंडावर पडतो. दारू एकदम थांबली की मेंदूचं तसंच होतं. लावलेला जोर तसाच राहतो, समोरचा दाब गेलेला असतो.

शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, धडधड, मळमळ सुरू होते. झटके यायचे तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात. आणि सगळ्यात घातक अवस्था, ज्यात माणसाला नसलेली माणसं दिसतात, वेळ-काळ कळत नाही, ताप चढतो आणि नाडी धावते, ती बहुतेकदा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान येते. तिला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. हे नाव विसरलं तरी चालेल, तास विसरू नका. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं की घरचे निर्धास्त होतात, आणि तिसरा-चौथा दिवस अजून जायचा असतो. उपचार न मिळाल्यास या अवस्थेत माणूस दगावू शकतो. "आजपासून एक थेंब नाही" असं म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून ठेवणाऱ्या घरांना हे कळकळीनं सांगावंसं वाटतं. निश्चय चांगला आहे, पण आधी डॉक्टरकडे जा.

डॉक्टर या दिवसांत क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारखी औषधं देतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. ही औषधं दारूसारखाच थोडा दाब मेंदूवर ठेवतात आणि तो रोज थोडाथोडा कमी करत नेतात, म्हणजे दार हळूहळू सोडता येतं. त्रास किती आहे हे मोजायला १० मुद्द्यांची, ६७ गुणांची एक मोजपट्टी जगभर वापरली जाते. ती १९८९ साली प्रसिद्ध झाली. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. लोकांना ते साधं शक्तीचं औषध वाटतं. पण सतत पिणाऱ्यांच्या शरीरात थायमिन आटलेलं असतं, आणि ते वेळेवर मिळालं नाही तर गोंधळ, तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं अशी मेंदूची इजा होऊन स्मृती कायमची अधू होऊ शकते. अशा माणसाला ग्लुकोजची सलाईन द्यायची वेळ आली तर थायमिन त्याआधी किंवा त्याबरोबर जायला हवं.

हे सगळं घरी राहून, बाह्यरुग्ण म्हणून करता येतं का? पुष्कळांना येतं. त्रास सौम्य किंवा मध्यम असावा, पूर्वी दारू सोडताना झटके किंवा भास झालेले नसावेत, दुसरा गंभीर आजार नसावा, गरोदरपण नसावं, जिवाला काही करून घेण्याचे विचार नसावेत आणि घरी एक शुद्धीतलं, जबाबदार माणूस चोवीस तास असावं. सुरुवातीला रोज तपासणी होते, गोळ्या एक-दोन दिवसांपुरत्याच मिळतात, आणि त्या घरच्या माणसाच्या ताब्यात राहतात. यातली एखादी अट मोडत असेल तर भरती होण्यात कमीपणा मानू नये. आणखी एक गोष्ट: दारू सोडणं आणि परत धरणं असं अनेकदा झालेल्या माणसाचा सोडतानाचा त्रास दर खेपेला वाढत जाऊ शकतो. "गेल्या वेळी काही झालं नव्हतं" हा हिशेब म्हणून धरू नये.

आता दुसरी गोष्ट.

पाच-सात दिवसांत शरीर बहुतेक सावरतं. झोप आणि मन थाऱ्यावर यायला आणखी आठवडे लागतात. तलफ मात्र वेगळ्याच वेळापत्रकानं चालते. ती पगाराच्या दिवशी येते, संध्याकाळच्या ठरावीक वेळी येते, भांडण झाल्यावर येते, आणि सगळं छान चाललेलं असताना, "आता एकानं काय होतंय" अशा आवाजातही येते. मेंदूनं वर्षानुवर्षं गाठी मारून ठेवलेल्या असतात: ही वेळ म्हणजे दारू, हा मित्र म्हणजे दारू, हा राग म्हणजे दारू. त्या गाठी आठवडाभराच्या गोळ्यांनी सुटत नाहीत. त्या एकेक करून सोडाव्या लागतात.

इथे ओपीडीचा उपचार कमअस्सल आहे असा जो समज आहे, तो मला पटत नाही. भरती असलेल्या माणसासमोर ना तो मित्र असतो, ना तो पगार. तलफ झोपलेली असते आणि माणसाला वाटतं, जिंकलो. घरी राहून उपचार घेणारा माणूस मंगळवारी समुपदेशकासमोर ठरवतो की फोन आला तर काय म्हणायचं. बुधवारी फोन खरंच येतो, आणि पुढच्या भेटीत जमलं-फसलं त्यावर बोलता येतं. हा सराव खाटेवर पडून होत नाही. काही ठिकाणी आठवड्याला नऊ तास किंवा त्याहून जास्त गटबैठका आणि समुपदेशन असलेले सघन बाह्यरुग्ण कार्यक्रम असतात. कामधंदा सांभाळून माणूस त्यांना जातो. ज्याच्या घरातच बाटली फिरते, ज्याला राहायला जागा नाही, जो पुनःपुन्हा प्रयत्न करूनही घरी टिकत नाही, त्याला निवासी केंद्र लागतं. तिथे त्याला वातावरण बदलून हवं असतं.

म्हणून "भरती करायचं की ओपीडीत भागेल" हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. पहिल्या आठवड्यात शरीराला किती धोका आहे? आणि त्यानंतर राहायचं कुठे, कोणाच्या सोबतीत? एखाद्याला पहिल्यासाठी पाच दिवस खाट लागेल आणि दुसरं सगळं ओपीडीत होईल. दुसऱ्याचं उलट असेल.

हेरॉइनच्या, म्हणजे गर्दच्या बाबतीत तर हा घोटाळा जिवावर बेततो. गर्द ओढणारे सोडतानाच्या त्रासाला 'टर्की' म्हणतात. ८ ते १२ तासांत नाक-डोळे गळू लागतात, हाडं ठणकतात, जुलाब-उलट्या होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो आणि आठवडाभरात ओसरतं. हाल भयंकर होतात, पण एरवी धडधाकट माणूस यानं सहसा मरत नाही. म्हणजे पहिली गोष्ट दारूपेक्षा कमी घातक. मग घरचे म्हणतात, टर्की निघाली, सुटला. पण त्या आठवड्यात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी जो डोस रोज पचत होता, तोच आता श्वास थांबवू शकतो. नुसती टर्की काढून पुढचा उपचार न देता घरी पाठवलेला माणूस पहिल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो.

त्यासाठीच ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही अफूवर्गातलीच, पण उपचाराची औषधं आहेत. मेथाडोनचा उपचार म्हणून पहिला अहवाल व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी न्यूयॉर्कमधून १९६५ साली प्रसिद्ध केला. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. ती देखरेखीखाली महिनोन्‌महिने, कधी अनेक वर्षं घ्यायची असतात. "एक व्यसन सोडून दुसरं लावलं" हा टोमणा पेशंटच्या कानावर पडतो आणि तो औषध सोडतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या डोसात औषध घेऊन जो माणूस नशेशिवाय कामावर जातो, त्याचं चाललंय ते उपचारच.

गांजा, कोकेन, मेथ (मेथॅम्फेटामिन) यांच्यासाठी तलफेवर सर्वमान्य असं औषध अजून नाही. तिथे मुख्य भार समुपदेशनावरच असतो. झोपेच्या गोळ्यांची सवय मात्र दारूसारखी समजा. त्या एकदम थांबवल्या तर झटके येऊ शकतात, म्हणून आठवडे-महिने लावून उतरवतात.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे. चिठ्ठीवर बहुधा दोन जातींची औषधं असतात आणि दोन्ही 'दारूच्या गोळ्या' म्हणूनच ओळखली जातात. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम ही पहिल्या आठवड्याची. ती डॉक्टरांनी आखल्याप्रमाणे कमी करून थांबवायचीच असतात, नाहीतर त्यांचीच सवय लागते. नाल्ट्रेक्सोन आणि अकाम्प्रोसेट ही नंतरची, तलफ आवरायला मदत करणारी. माणूस दिसायला ठणठणीत असतानाच ती घ्यायची असतात, आणि सहसा निदान सहा महिने. नाल्ट्रेक्सोन चालू असताना अफूवर्गातली वेदनाशामकं चालत नाहीत, तेव्हा दुसऱ्या कुठल्या दुखण्यासाठी गेलात तरी ते सांगा. डायसल्फिराम तिसऱ्या तऱ्हेचं. १९४८ साली डेन्मार्कमध्ये ते पुढे आलं. ते घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही हे घडू शकतं. म्हणून ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं. जेवणात गुपचूप कालवून देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं आहे.

तर, बाई, आठव्या दिवशी चिठ्ठी घेऊन या आणि प्रत्येक गोळीवर बोट ठेवून विचारा: ही बंद करायची की चालू ठेवायची? आणि मध्येच कधी त्यांनी एक पेग घेतला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, रागावून घरी बसू नका. त्याच दिवशी या, त्यांना घेऊन. ते आले नाहीत तर तुम्ही एकट्या या.