दट्ट्याच्या पेट्या: शेवटी एक दट्ट्या उरतो तेव्हा काय करायचं
आमचं साहित्य वापरणाऱ्या बालवाडीच्या ताईंसाठी माहितीपत्रक

ताई, नमस्कार. दट्ट्या म्हणजे वर छोटी मूठ असलेला लाकडी गोल ठोकळा, आणि त्याची पेटी म्हणजे असे दहा दट्टे ज्यांच्या मापाच्या खोबणींत बसतात तो लाकडी ठोकळा.

जूनमध्ये शाळा भरतात आणि जुलै लागला की आमच्या कारखान्यातला फोन वाजायला लागतो. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "पेटी सदोष आली आहे. मुलं सगळे दट्टे बसवतात, पण शेवटी एक उरतो आणि तो राहिलेल्या खोबणीत जातच नाही." काही ताईंची तक्रार याच्या उलट असते: "या पेटीत कुठलाही दट्ट्या कुठेही बसतो. मग बरोबर कुठला?"

दोन्ही पेट्या बरोबर आहेत. त्या अशाच असायला हव्यात, आणि तशा बनवायला आमच्या कातारींना, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिरांना, बरीच मेहनत पडते. हे पत्रक त्याबद्दल आहे. पेटी उघडण्याआधी वर्गातल्या दोघी-तिघींनी मिळून वाचा, एवढी विनंती.

संचात चार पेट्या आहेत, प्रत्येकीत दहा दट्टे. एका पेटीत सगळ्यांची उंची सारखी असते आणि जाडी कमी कमी होत जाते. दुसरीत उंची आणि जाडी दोन्ही एकदम कमी होतात. तिसरीत जाडी कमी होते तशी उंची वाढते. चौथीत जाडी सगळ्यांची एकच, फरक फक्त उंचीचा. म्हणूनच चौथीत कुठलाही दट्ट्या कुठल्याही खोबणीत जातो. चूक झाली असेल तर एखादा वर डोकावतो, एखादा आत बुडतो. बाकीच्या तिन्ही पेट्यांत बारीक दट्ट्या रुंद खोबणीत गेला तर त्या वेळी काही अडत नाही. बिघाड शेवटी कळतो, जेव्हा हातात जाडा दट्ट्या असतो आणि समोर बारीक खोबण.

तो क्षण फार मोलाचा आहे. मूल थांबतं. दट्ट्या दाबून बघतं, उलटा करून बघतं, तुमच्याकडे बघतं. मग बसवलेल्या दट्ट्यांकडे परत वळतं आणि एखादा हलवून बघतं. तो सैल लागतो. तिथून पुढे ते जे करतं ते कोणी शिकवून येत नाही: डोळ्यांनी दोन मापं तोलणं, आपण काय केलं ते मागे जाऊन आठवणं, बसवलेलं काढून पुन्हा लावायची तयारी ठेवणं. चूक मोठ्या माणसाने न दाखवता वस्तूनेच दाखवावी, हा इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरीबाईंच्या साहित्याचा कणा आहे, आणि या पेट्या त्याच साहित्यातल्या. 1907 साली रोममधल्या कामगारवस्तीत त्यांचं पहिलं बालगृह उघडलं, तेव्हापासून साहित्य बरंच बदललं, पण हा कणा बदललेला नाही. दोन शेजारच्या दट्ट्यांच्या मापात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक असतो. तो फरक शेवटपर्यंत नेमका राहिला तरच पेटी हे काम करते. आमची पेटी बाजारातल्या प्लास्टिकच्या पेटीपेक्षा महाग का, असं विचारणाऱ्यांना आमचं उत्तर हेच असतं: तुम्ही त्या अर्ध्या सेंटिमीटरचे पैसे देता.

आता ज्या एका गोष्टीमुळे हे पत्रक लिहावं लागलं ती.

दुरुस्तीला परत येणाऱ्या पेट्यांवर आम्हाला स्केचपेनने घातलेले आकडे सापडतात. दट्ट्यावर 1, खोबणीपाशी 1. दट्ट्यावर 2, खोबणीपाशी 2. कुठे रंगीत टिकल्या चिकटवलेल्या असतात, कुठे नेलपॉलिशचे ठिपके. सोबत चिठ्ठी असते: "मुलांना आता यात गोडी वाटत नाही, बदलून द्या." गोडी जाणारच, ताई. टिकली पाहून टिकलीशेजारी ठेवायची हे काम चार वर्षांच्या मुलाला दोन दिवसांत पाठ होतं. मग ते दट्ट्याकडे बघतही नाही, फक्त खुणा बघतं. बोटांना माप कळायचं राहून जातं, शेवटी काहीच उरत नाही, आणि विचार करायची वेळच येत नाही. पेटी असते, पण तिचं काम बंद पडलेलं असतं.

ताई हे का करतात ते आम्हाला कळतं. वर्गात तीस मुलं असतात, दाराशी पालक उभे असतात, पर्यवेक्षिका यायची असते, आणि एखादं मूल वीस मिनिटं एकाच पेटीपाशी घुटमळत असतं. त्याला मदत करावीशी वाटणं हे चांगल्या शिक्षिकेचंच लक्षण आहे. पण खुणांची मदत त्याच्या हातातलं काम काढून घेते. आमचंही नुकसान होतं, ते मोकळेपणाने सांगतो. नेलपॉलिश पुसलं तर खालचं पॉलिश जातं. म्हणजे दट्ट्या पुन्हा घासायचा, घासला की माप उतरतं, मग नवा कातायचा, आणि येण्याजाण्याचं कुरिअर वेगळं. खुणा केलेली पेटी आम्ही बदलून देत नाही, पैसे घेऊन दुरुस्त करून देतो. हा नियम काहींना कडक वाटतो. आम्ही तो सोडणार नाही.

टिकली न लावताही हीच चूक होते, आणि ती जास्त वेळा होते. मुलाने बारीक दट्ट्या रुंद खोबणीकडे नेला की ताईंच्या तोंडून निघतं, "नाही बाळा, तिकडे." किंवा हात धरून बसवून दिला जातो. आमचं सांगणं आहे की अशा वेळी हात मांडीवर ठेवून बसा. मुलाच्या शेजारी, त्याच्या उंचीवर, पण गप्प. पहिल्यांदा दाखवताना मात्र सगळं संथपणे करून दाखवा: दट्टे एकेक करून काढून पेटीसमोर मिसळून ठेवायचे, एक उचलायचा, डोळ्यांनी खोबण शोधायची, आवाज न करता बसवायचा. दाखवताना कमी बोला. हाताकडे बघायचं आणि शब्दांकडेही लक्ष द्यायचं, हे दोन्ही एकदम लहान मुलाला जमत नाही. एकदा दाखवून झालं की पेटी त्याची.

मध्ये कधी पडायचं? मूल दट्टे फेकायला लागलं, दुसऱ्याला मारायला लागलं, तोंडात घालायला लागलं, रडकुंडीला आलं, किंवा त्याने स्वतः मदत मागितली तर. मागितली तरी उत्तर देऊ नका, दिसतंय ते बोला: "हा जरा हलतोय, नाही?" किंवा "हा आत बुडलाय वाटतं." पुढचं ते बघून घेतं. आज नाही जमलं तर पेटी जागेवर ठेवून उठू द्या. उद्या ते परत तिच्यापाशी येतं. आलं नाही तर ज्या पेटीत उंची आणि जाडी दोन्ही बदलतात ती द्या. तिच्यातला फरक डोळ्यांत भरतो.

पूर्ण झाल्यावर प्रत्येक वेळी टाळ्या वाजवायची गरज नाही. टाळ्यांची सवय लागलेलं मूल शेवटचा दट्ट्या बसवता बसवता तुमच्याकडे बघायला लागतं. त्यापेक्षा बोलणं वाढवा. "हा सगळ्यात आधी कसा काय सापडला तुला?" असं विचारा, आणि विचारल्यावर थांबा. आपण मोठी माणसं दोन सेकंदांत उत्तर स्वतःच देऊन मोकळी होतो. लहान मुलाला शब्द जुळवायला जास्त वेळ लागतो.

हात सरावले की मग शब्द द्यायचे: जाडा, बारीक, उंच, बुटका, नंतर त्याहून जाडा, सगळ्यात बारीक. मूल मालवणीत किंवा वारलीत, घरी जे बोलतं त्यात बोललं तर ते आधी आनंदाने घ्या, प्रमाण शब्द त्याच्या शेजारी हळूच ठेवा. ज्या भाषेत आई जेवायला हाक मारते तिच्यात मूल सगळ्यात चांगला विचार करतं. ती भाषा वर्गाच्या दाराबाहेर ठेवायला लावली तर मूल गप्प होतं, आणि गप्प मुलाचं काय चाललंय ते कोणाला कळत नाही.

पालक विचारतात, "लिहायला कधी शिकवणार?" तेव्हा ही पेटीच पुढे करा. दट्ट्यावरची छोटी मूठ अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तीन बोटांनी धरावी लागते. पेन्सिल धरायला हीच तीन बोटं लागतात. मनगटातली आठही हाडं जन्माच्या वेळी कूर्चेची असतात आणि पुढच्या अनेक वर्षांत एकेक करत हाडाची होत जातात. तीन वर्षांच्या मुलाला दुरेघी वहीत पानभर 'अ' गिरवायला लावलं तर हात दुखतो आणि वहीचा कंटाळा येतो. पालकांना सरकारी आधार दाखवावा लागत असेल तर तोही आहे: 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, आणि 2022 मध्ये आलेला त्याचा अभ्यासक्रम आराखडा खेळातून शिकण्यावर उभा आहे. पालकसभेत भाषणापेक्षा एका आईच्या डोळ्यांवर रुमाल बांधा आणि तिला एक पेटी बसवायला सांगा. शेजारच्या दोन दट्ट्यांपाशी तिची बोटं अडखळली की पुढचं समजवावं लागत नाही.

"वीस मुलांना एकच संच कसा पुरणार?" हाही नेहमीचा प्रश्न. चार पेट्या म्हणजे एका वेळी चार मुलं. बाकीची माती, पाणी, मणी ओवणं, बाहुलीघर, अंगणात पळणं यांत असावीत, आणि तीही तितकीच महत्त्वाची कामं आहेत. आम्ही लाकडी साहित्य विकतो म्हणून दिवसभर लाकूडच द्या असं म्हणणार नाही. साडेतीन-चार वर्षांची मुलं वाट बघायला शिकतात. त्याहून लहानांना ते फार जड जातं, तेव्हा त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नका, दुसरं काही हातात द्या. दुसरा संच घ्यायची घाई करू नका. आधी एक वर्ष हा वापरा.

काही गोष्टी विकत घ्यायच्याच नसतात. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, त्यांच्या सहकारी अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे कोसबाडला दोघींनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. शहरातलं महागडं साहित्य तिथे परवडणारं नव्हतं. त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं अशा आसपासच्या वस्तूंतून साहित्य उभं केलं. गजगे, चिंचोके, करवंट्या यांनी मोजणं आणि वर्गवारी आजही उत्तम होते. त्यामुळे मोजणीचे मणी आम्ही बनवतच नाही, आणि कोणी मागितले तर चिंचोके वापरा असं सांगतो. दट्ट्याची पेटी मात्र हाताने घरी करायला जाऊ नका. माप चुकलं तर चूक मुलाची नसून पेटीची असते, आणि मुलाला ते कळायचा मार्ग नसतो.

सुरक्षिततेचं थोडक्यात. सगळ्यात लहान दट्ट्या जेमतेम एक सेंटिमीटरचा आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती तो देऊ नका, त्यांच्यासाठी मोठ्या ठोकळ्यांचा वेगळा खेळ आहे. मिश्र वयाच्या वर्गात ही पेटी मोठ्या मुलांच्या कोपऱ्यात ठेवा. खेळणी कुठूनही घ्या, पण आयएसआय चिन्ह बघून घ्या. 1 जानेवारी 2021 पासून ते सक्तीचं आहे.

पेट्या कुलपाच्या कपाटात ठेवू नका. मुलाच्या छातीच्या उंचीची उघडी फळी असावी, प्रत्येक पेटीची जागा ठरलेली असावी, आणि तिथून आणणं व तिथेच परत ठेवणं हे मुलानेच करावं. जड पेटी दोन हातांनी, कशाला न धडकता आणणं हासुद्धा शिकण्याचाच भाग आहे. पेटी परत ठेवताना दहा दट्टे आहेत का ते मुलालाच बघू द्या. रिकामी खोबण लगेच दिसते, त्यामुळे हरवलेला दट्ट्या त्याच दिवशी सापडतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, लाकूड दमट हवेने फुगतं आणि एखादा दट्ट्या घट्ट होतो. आम्ही शिवणीचं लाकूड वापरतो. ते कमी फुगतं, पण अजिबात फुगत नाही असं नाही. पॉलिश पेपरने घासू नका. आज घासलात तर हवा कोरडी झाल्यावर तो कायमचा सैल होईल, आणि सैल दट्ट्या म्हणजे मुलाला मिळणारी खोटी खूण. मेण चोळा, पेटी भिंतीपासून दूर ठेवा, दिवाळीपर्यंत थांबा. उन्हात वाळवायलाही ठेवू नका, तडा जातो. पुसायला फक्त कोरडं फडकं.

हरवलेला दट्ट्या सुटा मिळतो. पेटी कुठली आणि जाड्याकडून कितवा एवढं कळवलं की आम्ही त्याच मापाचा कातून पाठवतो. नवीन पेटी घ्यावी लागत नाही. मे महिन्यात आमच्या कारखान्यात ताईंसाठी अर्ध्या दिवसाचं प्रात्यक्षिक असतं. चार पेट्यांचा पूर्ण संच घेतलेल्या बालवाडीतल्या दोघींना त्याची फी नाही. येताना वर्गातली पेटी बरोबर आणा, घट्ट किंवा सैल झालेले दट्टे तिथेच बघून देऊ.