एकशे शहाऐंशी: मेलबर्न क्लबच्या त्या हरण्यामागे काय काय होतं

ऑस्ट्रेलियन फुटबॉल बघणाऱ्या कुणापुढे नुसतं '१८६' म्हणून बघा, कोणती टीम, कोणती मॅच, काही सांगावं लागत नाही. ३० जुलै २०११, शनिवार, जिलॉन्गचं कार्डिनिया पार्क. जिलॉन्ग २३३, मेलबर्न ४७, फरक १८६.

आपल्याकडे हा खेळ बघणारे कमी, म्हणून थोडक्यात सांगतो. मैदान क्रिकेटसारखं गोलसर, बॉल अंडाकृती, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने बॉल गेला की गोल, ६ पॉइंट, आणि बाजूच्या फटीतून गेला की १ पॉइंट. त्यामुळे ८०-९० पॉइंट होणं रोजचंच आहे आणि ५०-६० ने हरणंही काही जगबुडी नाही. पण त्या दिवशी जिलॉन्गने ३७ गोल मारले, मेलबर्नने ७. प्रत्येक गोल झाला की बॉल परत मैदानाच्या मधोमध येतो, अंपायर तो जमिनीवर आपटून उडवायचा (२०२५ पर्यंत अशीच पद्धत होती) आणि खेळ पुन्हा सुरू, म्हणजे त्या पोरांनी ३७ वेळा मान खाली घालून आपापल्या जागेवर परत जायचं आणि पुन्हा तेच बघायचं.

यापेक्षा मोठी हार लीगच्या इतिहासात एकच आहे, १९० पॉइंटची, जुलै १९७९, फिट्झरॉयकडून. आणि हरलेली टीम? तीही मेलबर्नच. (गंमत बघा, त्या दिवशी धुलाई करणारा फिट्झरॉय क्लबच पुढे कंगाल झाला आणि १९९६ नंतर ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला, मेलबर्न मात्र टिकला.)

आता हा काही गल्लीतला क्लब नाही. बॉक्सिंग डे टेस्टमुळे आपल्याला पाठ असलेलं एमसीजी हेच यांचं घरचं ग्राउंड, आणि १८५८-५९ मध्ये या खेळाचे नियम लिहून काढणारे लोक याच क्लबचे, त्यातला टॉम विल्स तर नावाजलेला क्रिकेटर. १९६४ पर्यंत १२ प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं, त्यातल्या सहा नॉर्म स्मिथ या एकाच कोचच्या हाताखाली. मग १९६५ मध्ये, सीझनच्या पहिल्या आठ मॅच ओळीने जिंकलेली टीम जरा अडखळली तर कमिटीने थेट स्मिथलाच काढलं, बोंबाबोंब झाली म्हणून चार दिवसांत परत घेतलं, पण जे बिघडायचं ते बिघडलं होतं. त्यानंतर फायनल्स, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्या, गाठायलाच १९८७ उजाडलं. लोक याला नॉर्म स्मिथचा शाप म्हणतात. माझ्या मते शाप वगैरे काही नाही, कमिटीतली भांडणं मैदानापर्यंत पोचायची सवय तिथून लागली, एवढंच.

१९८७ चंही ऐका. प्रिलिमिनरी फायनल (आपली सेमीफायनल), मेलबर्न पुढे, मॅच संपल्याचा सायरन व्हायच्या बेतात, आणि जिम स्टाइन्स नावाचा आयर्लंडहून आलेला पोरगा फ्री किक घेणाऱ्याच्या समोरून धावत गेला. नियमभंग. हॉथॉर्नच्या बकेनाराला १५ मीटर पुढे आणलं, त्याने सायरननंतर गोल मारला, हॉथॉर्न दोन पॉइंटने जिंकला. पुढच्या वर्षी मेलबर्न ग्रँड फायनलला, म्हणजे अंतिम मॅचला, गेला आणि त्याच हॉथॉर्नकडून ९६ ने हरला. १९९६ मध्ये तर कर्जापायी याच हॉथॉर्नमध्ये मिसळून जायच्या बाजूने मेलबर्नच्या मेंबरांनी मत दिलं होतं, हॉथॉर्नवाल्यांनीच नको म्हटलं म्हणून क्लब वाचला.

ती चूक करणारा स्टाइन्स पुढे या क्लबचा सगळ्यात लाडका माणूस झाला. १९९१ चा ब्राउनलो मेडल (लीगच्या त्या सीझनच्या बेस्ट प्लेयरला मिळतो तो), सलग २४४ मॅच. २००८ मध्ये क्लब लाखो डॉलरच्या कर्जात होता तेव्हा तोच चेअरमन झाला आणि २०१० पर्यंत त्याने कर्ज फेडूनही दाखवलं, तेही अंगात कॅन्सर घेऊन.

पण मैदानावर वेगळंच चाललं होतं आणि १८६ ची खरी मुळं मला इथे दिसतात. तेव्हा लीगचा नियम असा होता की सलग दोन सीझन चारपेक्षा जास्त मॅच जिंकल्या नाहीत तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन पोरं निवडताना, पहिल्या राउंडच्याही आधी एक जास्तीचा नंबर मिळायचा. मेलबर्नने २००८ मध्ये तीन जिंकल्या. २००९ मध्ये चार. त्या वर्षी रिचमंडविरुद्ध एमसीजीवर प्लेयर भलत्याच जागांवर खेळताना दिसले, तरी मेलबर्न शेवटपर्यंत पुढेच, आणि मग जॉर्डन मॅकमहॉनने सायरननंतर गोल मारून रिचमंडला चार पॉइंटने जिंकवलं. हरलेल्या टीमच्या सपोर्टरांनी सुटकेचा श्वास सोडावा असली मॅच! पाचवी मॅच जिंकली असती तर तो जास्तीचा नंबर गेला असता. नंबर मिळाले, पहिला आणि दुसरा दोन्ही: टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह.

म्हणजे प्लॅन काय, तर जुने जाणते प्लेयर सोडायचे, कोवळी पोरं भरायची, चार वर्षांनी फळं खायची. कागदावर बरं दिसतं. पण हरलं तरी चालतं हे ज्या ड्रेसिंग रूममध्ये दोन वर्षं मुरलंय तिथे जिंकायची सवय लावणार कोण, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. २०११ मध्ये टीम अगदी तळाला नव्हती बरं का, पण आत प्रशासन एकीकडे, कोच डीन बेली दुसरीकडे, आणि स्टाइन्स आजारात. त्या आठवड्यात ही टीम जिलॉन्गला गेली, आणि जिलॉन्गने तर त्या वर्षी प्रीमियरशिपच जिंकली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बेलीला काढलं. जाता जाता प्रेससमोर तो बोलून गेला की पहिल्या दोन वर्षांत क्लबची ड्राफ्टमधली जागा चांगली राहील हे त्याने पाहिलं होतं. ते शब्द चिकटले. वर्षभराने एक माजी प्लेयर टीव्हीवर असंच बोलला आणि चौकशी लागली. फेब्रुवारी २०१३ चा निकाल मोठा मजेशीर, क्लबने मुद्दाम मॅच हरल्याचं सिद्ध होत नाही, पण दंड मात्र ५ लाख डॉलर, आणि बेली सस्पेंड.

त्या १८६ चे हप्ते बरीच वर्षं फेडावे लागले. स्कली २०११ संपताच नवीन सिडनी टीमकडे मोठ्या पैशावर गेला. ट्रेंगोव्हला विशीत कॅप्टन केलं, मग पायाच्या दुखापतीने त्याचं करिअरच खाल्लं. मार्च २०१२ मध्ये स्टाइन्स गेला, मार्च २०१४ मध्ये बेलीही कॅन्सरनेच. नवा कोच मार्क नील्डच्या काळात एसेंडनकडून १४८ ने हार, २०१३ मध्ये अख्ख्या सीझनला दोन विजय. शेवटी लीगने पीटर जॅक्सनला क्लब चालवायला बसवलं, पॉल रूस कोच आला, त्याने आधी नुसतं कमी फरकाने हरायला शिकवलं, नंतर सायमन गुडविन.

ऑगस्ट २०२१, तेच कार्डिनिया पार्क. मेलबर्न ४४ ने मागे, तिथून परत आले आणि सायरननंतर कॅप्टन मॅक्स गॉनने गोल मारून टेबलचा पहिला नंबर घेतला. मग प्रिलिमिनरी फायनलला जिलॉन्गलाच ८३ ने लोळवलं, आणि कोविडमुळे पर्थला झालेल्या ग्रँड फायनलमध्ये वेस्टर्न बुलडॉग्जना ७४ ने. ५७ वर्षांनी प्रीमियरशिप. त्या मॅचचा बेस्ट प्लेयर क्रिश्चन पेट्राका, आणि ग्रँड फायनलच्या बेस्ट प्लेयरला मिळणाऱ्या मेडलचं नाव आहे नॉर्म स्मिथ मेडल.

नेथन जोन्स मात्र त्या दिवशी मैदानात नव्हता. २००६ पासून हे सगळं सोसून ३०२ मॅच खेळलेला माणूस, बायकोला जुळी होणार होती म्हणून आधीच पर्थहून घरी परतला होता.