मिश्र चारा पिकांच्या पेरणीचा काळ

तृणधान्य आणि शेंगवर्गीय पीक एकाच शेतात हिरव्या चाऱ्यासाठी, वाळलेल्या वैरणीसाठी किंवा मुरघासासाठी एकत्र वाढवताना निवडलेली पेरणीची वेळ. ओट-व्हेच (व्हेच हा चाऱ्याचा शेंगवर्गीय वेल), सातू-वाटाणा, ओट-बरसीम (बरसीम हे शेंगवर्गीय चारा पीक), मका-चवळी व ज्वारी-चवळी या परिचित जोड्या होत. पेरणी मागेपुढे झाली की एकूण वजन बदलते, दोन्ही पिकांचे परस्पर प्रमाण बदलते आणि त्यामुळे चाऱ्याची प्रतही बदलते.

अशी मिश्रणे पहिल्यांदा केव्हा पेरली गेली, हे निश्चित नाही. रोमन लेखकांनी ‘फारागो’ नावाच्या दाट पेरलेल्या हिरव्या चाऱ्याचा उल्लेख केला आहे. मात्र त्यांची वर्णने जुळत नाहीत. व्हॅरो (इ. स. पू. पहिले शतक) सातू, व्हेच व इतर शेंगवर्गीय पिके एकत्र पेरल्याचे सांगतो. थोरल्या प्लिनीच्या मते त्यात व्हेच कधीकधीच मिसळत. कोलुमेला (इ. स. पहिले शतक) केवळ सातूची शिफारस करतो, पण पेरणीची वेळ नेमकी देतो : शरद संपाताच्या (सप्टेंबरअखेरीस दिवस-रात्र समान होण्याच्या) सुमारास, पाऊस येऊ घातला असताना. यावरून एकाच नावाखाली शुद्ध व मिश्र दोन्ही पेरे चालत असावेत, असे दिसते. दुसरा एक विचार रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांच्या दुय्यम पिकांच्या कल्पनेतून पुढे येतो. राय व ओट ही आधी गहू-सातूच्या शेतांतील तणे होती आणि पुढे स्वतंत्र पिके झाली, असे त्यांनी मांडले. व्हेचही धान्य-कडधान्यांच्या शेतांत तण म्हणून वाढते. त्यामुळे काही मिश्रणे आपोआप तयार झाली व नंतर मुद्दाम पेरली जाऊ लागली, हा क्रम अधिक संभवनीय वाटतो.

पेरणीच्या वेळेचा परिणाम मुख्यतः तापमान व दिवसमान यांतून होतो. ओट व सातू यांची वाढ सुमारे ०° से. पर्यंत मंद गतीने चालू राहते. मका व ज्वारी यांना साधारण ८° ते १०° से. पेक्षा अधिक तापमान लागते. ओट व सातू दीर्घदिवसी (दिवस मोठे झाले की फुलणारी) असल्याने वसंतात उशिरा पेरल्यास फुटवे व पाने पुरेशी होण्याआधीच निसवतात (लोंब्या बाहेर पडतात) आणि वजन घटते. ज्वारीच्या अनेक वाणांत याच्या उलट घडते. ती लघुदिवसी (दिवस लहान झाले की फुलणारी) असल्याने मोठ्या दिवसांत पेरली तर पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधीच्या अवस्थेत) यायला वेळ लागतो आणि पाला वाढतो.

जोडीतील स्पर्धा उगवणीपासून सुरू होते. तृणधान्याची मुळे लवकर पसरतात व जमिनीतील नायट्रेट आधी उचलतात. शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवरील, हवेतील नायट्रोजन स्थिर करणाऱ्या गाठी कार्यक्षम होण्यास उगवणीनंतर काही आठवडे जातात आणि थंड जमिनीत हा काळ लांबतो. म्हणून वेळेवर पेरलेल्या ओट-व्हेचमध्ये ओटाला भरपूर फुटवे येऊन व्हेच सावलीत दबू शकतो. मात्र पुढील वाढीस अवकाश मिळाला तर तोच व्हेच ओटाच्या ताटांवर चढतो आणि वजन फार झाले की दोन्ही पिके लोळतात. खालची पाने कुजतात. गोठवणारी थंडी पडते तिथे फार लवकर पेरलेला वाटाणा लांब खोडासह हिवाळ्यात सापडतो, तर फार उशिरा पेरलेल्याची मुळे पुरेशी खोल गेलेली नसतात.

प्रत ठरवताना विशेष काळजी हवी. उशिरा पेरलेल्या मिश्रणात पानांचे प्रमाण व प्रथिनांची टक्केवारी बहुधा जास्त आढळते. पण कच्ची प्रथिने म्हणजे केल्डाल पद्धतीने (१८८३) मोजलेला नायट्रोजन गुणिले ६.२५, ही टक्केवारी हेक्टरी उत्पादन सांगत नाही. उदाहरणार्थ, हेक्टरी १० टन शुष्क पदार्थात (पाणी वगळून उरलेल्या चाऱ्यात) १० टक्के प्रथिने असतील तर ती १,००० किलो होतात. ७ टनांत १३ टक्के असतील तर ९१० किलोच. शिवाय सगळे पेरे एकाच तारखेला कापले तर लवकरचा पेरा पीठ भरण्याच्या अवस्थेत आणि उशिराचा पोटरीत असतो. अशा तुलनेत पेरणीचा परिणाम व पक्वतेचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत. तृणधान्य चिकात (दाण्यांत दुधासारखा रस) असताना, म्हणजे समान अवस्थेत, केलेली कापणी तुलनेसाठी अधिक विश्वसनीय मानावी.

मिश्रणाचा फायदा मोजण्यास मीड व विली या संशोधकांनी १९८० मध्ये विशद केलेले जमीन-समतुल्य गुणोत्तर वापरतात. दोन्ही घटकांचे मिश्रणातील उत्पादन त्यांच्या एकट्या पिकाच्या उत्पादनाने भागून बेरीज करतात. ती १ पेक्षा जास्त आली तर जमिनीचा वापर सरस ठरतो. इथे एक खाच आहे : एकटे पीक उशिराच्या, प्रतिकूल तारखेला पेरलेले घेतले तर भाजक लहान होऊन गुणोत्तर फुगते. एकट्या पिकाचे त्याच्या योग्य तारखेचे उत्पादन घेणे अधिक न्याय्य.

उष्ण हंगामातील जोड्यांत पेरणी ओलाव्याच्या उपलब्धतेवर ठरते. कोवळ्या किंवा पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल हे विष जनावरांना धोकादायक पातळीस जाऊ शकते. चवळी मिसळल्याने धोका टळतो असे समजू नये. ओट-बरसीममध्ये पहिल्या कापणीत ओटाचा व नंतर बरसीमचा वाटा मोठा असतो; पेरणी लांबल्यास कापण्यांची संख्याच कमी होते.