डा, येर आणि पाणी : परभाषेतून शिकणाऱ्या मुलांच्या सवलतींची पार्श्वभूमी

मेळघाटातल्या कोरकू मुलाच्या घरी पाण्याला ‘डा’ म्हणतात, गडचिरोलीतल्या गोंड मुलाच्या घरी ‘येर’. पहिलीच्या पुस्तकात मात्र दोघांनाही ‘पाणी’ भेटते. कोरकू ही मुंडा कुळातली आणि गोंडी द्राविडी कुळातली भाषा असल्यामुळे या मुलांसाठी मराठी ही थोड्या वेगळ्या वळणाची बोली नसून सर्वस्वी परकी भाषा आहे. अशा मुलांना वर्गात कोणती सवलत मिळावी, याचे बरेच नेमके उत्तर आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत लिहिले गेले होते.

ऑगस्ट 1949 मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठराव केला की प्राथमिक शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून द्यावे, आणि ती प्रादेशिक भाषेहून वेगळी असेल व ती बोलणारी किमान 40 मुले शाळेत किंवा 10 मुले एका वर्गात असतील, तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक नेमावा. पालक जी सांगतील तीच मुलाची मातृभाषा मानायची होती. प्रादेशिक भाषा तिसरीच्या आधी सुरू करू नये, असेही ठरले. पण या ठरावातला सर्वांत समंजस भाग मला पुढचा वाटतो : प्राथमिक टप्पा संपवून मूल प्रादेशिक भाषेच्या माध्यमात गेले, तरी पहिली दोन वर्षे त्याला प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या भाषेत लिहिण्याची मुभा असावी. विषय समजणे आणि तो परक्या भाषेत मांडता येणे यांत काही काळाचे अंतर राहते, हे ठराव करणाऱ्यांनी ओळखले होते आणि त्या अंतराची शिक्षा मुलाला होऊ नये, अशी सोय केली होती.

1956 मध्ये राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली आणि कुठेही सीमा आखली तरी काही माणसे पलीकडे राहणारच, हे उघड झाले. बेळगावातल्या मराठी भाषकांना ते वेगळे सांगायला नको. राज्य पुनर्रचना आयोगाच्या शिफारशींनंतर त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 350 क आला. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो.

अडचण अशी की 40 आणि 10 चा हा हिशेब अशा भाषांना धरून होता, ज्यांची पुस्तके छापली जात होती आणि ज्यांतून शिकवू शकणारे शिक्षक मिळत होते. उर्दू, गुजराती, कन्नड या भाषांच्या शाळा म्हणून महाराष्ट्रात उभ्या राहू शकल्या. धारणी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर वर्गातली 10 च काय, जवळजवळ सगळीच मुले कोरकू असतात; तिथे अडले ते संख्येवाचून नव्हे, तर पुस्तक आणि शिक्षक यांच्यावाचून. ही उणीव काही ठिकाणी व्यक्तींनी आपल्या परीने भरून काढली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि 1957 पासून कोसबाडला जे काम केले, त्यात गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणात नेली आणि पाने, खडे, बिया यांची शैक्षणिक साधने केली.

सरकारी पातळीवर ओडिशाने या शतकाच्या पहिल्या दशकात 10 आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि पुढे ही संख्या 21 वर नेली. सुरुवातीच्या इयत्ता घरच्या भाषेत आणि ओडिया टप्प्याटप्प्याने, ही तिथली रचना 1949 च्या ठरावाची आठवण करून देणारी आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये झाला. त्याच्या कलम 29 मध्ये माध्यम मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे, पण ‘व्यवहार्य असेल तेथवर’. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही किमान पाचवीपर्यंत घरची भाषा सुचवताना ‘शक्य असेल तेथे’ ही अट कायम ठेवली, आणि कोरकूतून किंवा गोंडीतून शिकवणे शक्य आहे की नाही हे ठरवण्याचे काम पुन्हा राज्यांकडेच राहिले.