गवारीचा डिंक आणि सादळणारी माती

आइस्क्रीमच्या डब्यामागची बारीक अक्षरं वाचलीत, तर स्टॅबिलायझर म्हणून ४१२ किंवा ४१५ हे आकडे पुष्कळदा दिसतात. ४१२ म्हणजे ग्वार गम, आपल्या गवारीच्या बियांचा डिंक. ४१५ म्हणजे झँथन गम. कोबीवर काळी कूज आणणाऱ्या जिवाणूकडून तो तयार करून घेतात. आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ न देणारे हेच डिंक जिओटेक्निकल इंजिनिअर, म्हणजे बांधकामाखालच्या मातीचं गणित बघणारे, आता मातीत कालवून बघताहेत.

भुसभुशीत माती पक्की करायची तर सिमेंट नाहीतर चुना मिसळायचा, ही नेहमीची रीत. पण जगभर माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याचा आहे. शिवाय सिमेंट घातलेली माती इतकी अल्कधर्मी होते की तिथे गवत धरणं अवघड.

डिंक मात्र थोडक्यात काम करतो. कोरड्या मातीच्या वजनाच्या अर्धा ते दोन टक्के पुरतो. घरी करून बघा. शंभर ग्रॅम कोरडी बारीक वाळू, त्यात एक ग्रॅम ग्वार गम. आधी कोरडंच नीट मिसळा, नाहीतर पाणी लागताच गुठळ्या होतात. मग दोन-तीन चमचे पाणी घालून मळा, लहान वाटीत दाबून बसवा आणि चार दिवस वाळू द्या. राजगिऱ्याच्या लाडवासारखा टणक गोळा निघतो. आत घडतंही तसंच: साखरेच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या पाण्यात फुगतात, कणाकणावर लेप चढवतात, आणि पाणी उडालं की दोन कणांमधला लेप आक्रसून पूल होतो. चिकणमातीत आणखी एक गंमत. तिच्या कणांवर विद्युतभार असतो, त्यामुळे झँथनसारखा भारित डिंक नुसता लेप न देता कणांना थेट धरतो.

आता तोच गोळा बशीभर पाण्यात ठेवा. बाहेरून बुळबुळीत होतो, मग हळूहळू बसतो. पावसाळ्यात चिक्की सादळते ना, तसं. माझ्या मते या तंत्राची सगळी मेख इथे आहे, आणि ‘सिमेंटला पर्याय’ म्हणून उत्साहाने लिहिणारे नेमकं हेच गाळतात. जेलन नावाचा डिंक गरम पाण्यात विरघळवून थंड केला की घट्ट जेल होतो आणि ओलीतही बरा टिकतो. पण टनावारी मातीसाठी पाणी तापवणार कोण? भावही बेभरवशाचा. अमेरिकेतल्या तेल-वायू विहिरींना ग्वार लागू लागला, तेव्हा भाव असे भडकले की २०१२ साली भारतात गवारीचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे आगाऊ सौदे, बंद करावे लागले होते.

म्हणून इमारतीच्या पायाखाली डिंक नको. खाणीच्या रस्त्यावरची धूळ बसवायला, कच्च्या रस्त्याच्या वरच्या थराला तो चालतो. सगळ्यात शोभतो तो रस्त्याकडेच्या नव्या उतारावर. गवताचं बी, भुस्सा आणि डिंक पाण्यात कालवून पाइपने फवारतात. डिंक बी आणि माती जागेवर धरतो, ओल राखतो. पुढे मातीतले जिवाणू तो खाऊन टाकतात. तोवर मुळं खाली उतरलेली असतात.