ट्राम कंपनी आणि सरकारी जमीन (मुंबई)

वसाहतकाळातल्या शहरात खाजगी कंपनीला ट्राम चालवायची झाली, की जमीन दोन कामांसाठी लागे. रूळ टाकायला रस्ता, आणि घोडे, डबे, कारखाना ठेवायला मोकळी जागा. रस्ता विकला जात नसे. त्यावर ठरावीक मुदतीसाठी गाड्या चालवायचा हक्क तेवढा मिळे. जागा मात्र विकत किंवा भाडेपट्ट्याने घेता येई. मुंबईच्या ट्रामचा नव्वद वर्षांचा इतिहास समजून घ्यायचा तर हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो.

मुंबईत जमिनीच्या मालकीचे प्रकार मुळातच अनेक होते: फजंदारी, फोरास, टोका, सनदी, सरकारी भाडेपट्टा. फोरास रोड हे नाव अशाच एका धाऱ्यावरून, म्हणजे जमिनीच्या साऱ्यावरून, पडले आहे. १८६० नंतर गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात कोटाचा तट पाडला गेला आणि सरकारच्या हाती शहराच्या ऐन मध्यावर मोठी जमीन आली. तिच्यातून रुंद रस्ते निघाले, इमारतींसाठी तुकडे पाडले गेले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि समुद्र बुजवून जमीन विकणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले होते. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि या कंपन्या कोसळल्या. बॅकबेला भर घालून मिळालेली पट्टी पुढे रेल्वेमार्गाच्या कामी आली. ट्रामचा पहिला अर्जही १८६५ चाच, एका अमेरिकन कंपनीचा. परवाना मिळाला, पण मंदीमुळे रूळ पडलेच नाहीत.

बॉम्बे ट्रामवे कंपनी १८७३ मध्ये उभी राहिली. कंपनी, म्युनिसिपालिटी आणि स्टर्न्स अँड किट्रेज ही पेढी यांच्यात करार झाला आणि त्याला आधार म्हणून १८७४ चा मुंबई ट्राम कायदा आला. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. भाडे तीन आणे होते, ते लवकरच दोनवर आले. कुलाबा कॉजवेच्या पश्चिमेला, आज जिथे इलेक्ट्रिक हाऊस आहे, तिथे पेढीची कचेरी होती. घोड्यांचे तबेलेही कुलाब्यातच होते. शेकडो जनावरांना दाणा, पाणी, नाल ठोकायची सोय आणि लीद काढायची व्यवस्था लागते. अशी जागा मार्गाच्या टोकाशीच हवी, आणि कंपनीच्या लेखी रुळांइतकीच तीही मोलाची होती.

ट्रामच्या आठवणींत घोडे, घंटा आणि कंडक्टर येतात, १८७४ च्या कायद्यातला विकत घेण्याचा हक्क येत नाही. खरे तर सगळ्यांत दूरदृष्टीची गोष्ट तीच होती. या हक्कानुसार १९०१ मध्ये म्युनिसिपालिटीला ट्राम ताब्यात घेता येणार होती. १८९९ मध्ये कंपनीने विजेच्या ट्रामची परवानगी मागितली आणि भांडवल मोठे लागणार म्हणून हा हक्क सोडून द्यावा, असे सुचवले. म्युनिसिपालिटीने तो सोडला नाही. उलट ट्राम ताब्यात घ्यायचे ठरवले. कायद्याच्या अडचणींत काही वर्षे गेली. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली आणि १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली. नव्या सवलतपत्रातही, म्हणजे कंपनीला ट्राम चालवायचा हक्क देणाऱ्या करारातही, विकत घेण्याचा हक्क कायम होता.

खाजगी कंपनीला जमीन देण्याचा दुसरा मार्ग १८९४ च्या भूसंपादन कायद्यात होता. लोकोपयोगी काम असेल तर सरकार कंपनीसाठी लोकांची जमीन घेई. त्याचा खर्च कंपनीने भरायचा आणि ती कोणत्या अटींवर जमीन बाळगणार, याचा करार सरकारशी करायचा. १८९५ च्या कायद्याने सरकारी जमिनीच्या अनुदानांना मालमत्ता हस्तांतरणाच्या सर्वसाधारण कायद्यातून वगळले. म्हणजे सरकार घालील ती अट चाले. जिची जमीन जाई त्या वाडीचे किंवा चाळीचे म्हणणे या व्यवहारात फार थोडे ऐकले जाई, आणि हा या पद्धतीतला मोठा अन्याय होता.

कलकत्त्यात चित्र थोडे वेगळे दिसते. तिथे ट्रामचे काही रूळ मैदानाच्या गवतातून गेले आणि मैदान लष्कराच्या ताब्यातले. मुंबईत बहुतेक रूळ भर बाजारातून गेले. १८८८ च्या कायद्याने सार्वजनिक रस्ते महापालिकेकडे निहित, म्हणजे कायद्याने तिच्या हाती, झाले असल्याने, कंपनीला रस्त्यापुरता प्रश्न मुख्यतः तिच्याशीच सोडवावा लागे.

७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने सवलतपत्रातल्या हक्कानुसार कंपनीची वीज व ट्राम ही दोन्ही कामे मालमत्तेसह विकत घेतली आणि 'बेस्ट' हा सार्वजनिक उपक्रम झाला. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. तिथल्या चौकाला लोक अजून दादर टीटी म्हणतात. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस.