कॅप्टन मार्टेलच्या सात शस्त्रक्रिया

चार्ल्स मार्टेल हा अमेरिकेच्या व्यापारी जहाजांवरचा कॅप्टन. सहा फूट एक इंच उंचीचा धडधाकट गडी. पहिलं महायुद्ध संपता संपता त्याचं अंग ठणकायला लागलं. मग किरकोळ कारणांनी हाडं मोडू लागली, मुतखडे झाले, लघवीतून पांढरा गाळ जाऊ लागला. पाठीचे मणके खचत गेले आणि काही वर्षांत त्याची उंची तब्बल सात इंचांनी घटली. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात यूजीन ड्युबॉय यांनी त्याच्या रक्तातलं कॅल्शियम मोजलं. ते भलतंच वाढलेलं होतं. हाडांत असायला हवं ते रक्तात उतरत होतं आणि लघवीवाटे वाहून जात होतं. ड्युबॉय यांनी बोट ठेवलं ते गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींवर.

या ग्रंथी साधारणपणे चार असतात, थायरॉइडच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या, प्रत्येक मसुराच्या दाण्याएवढी. वजन जेमतेम ३० ते ५० मिलिग्रॅम. त्यांचा शोधही फार उशिरा लागला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक भारतीय एकशिंगी गेंडा १८४९ मध्ये मेला. रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन करताना थायरॉइडला चिकटलेला एक छोटा पिवळसर गोळा टिपून ठेवला. माणसात तो शोधला इव्हार सँडस्ट्रॉम या स्वीडिश विद्यार्थ्याने. उप्साला विद्यापीठात त्याने ५० मृतदेह तपासले आणि १८८० मध्ये निबंध छापला. त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. एवढ्याशा गोळ्यांचं काम काय, हे ठाऊकच नव्हतं.

काम एकच, पण चोख. रक्तातलं कॅल्शियम एका अरुंद पट्ट्यात राखायचं, डेसिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. नसा, स्नायू आणि हृदय यांचा कारभार त्यावर चालतो. कॅल्शियम जरा घसरलं की या ग्रंथी पॅराथायरॉइड हॉर्मोन, म्हणजे पीटीएच, सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढतं, मूत्रपिंडाला ते वाया घालवू देत नाही आणि ड जीवनसत्त्वाला कामाला लावून आतड्यातून आणखी शोषून घ्यायला लावतं. कॅल्शियम पुरेसं झालं की ग्रंथी गप्प बसतात. ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारं एक प्रथिन असतं. बॉस्टनच्या एडवर्ड ब्राउन आणि स्टीव्हन हेबर्ट यांनी ते १९९३ मध्ये गायीच्या ग्रंथीतून हुडकून काढलं.

बिघाड होतो तो असा: चारांपैकी एका ग्रंथीत गाठ होते. बहुतेक वेळा ती साधी असते, कर्करोगाची क्वचित, शंभरात एकही नाही. पण ती गप्प बसायचं विसरते. कॅल्शियम कितीही वाढो, तिचं हॉर्मोन सुरूच. यालाच प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात.

मार्टेलच्या काळी हे इतकं सरळ दिसत नव्हतं. हाडं ठिसूळ झालेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात ग्रंथी सुजलेली सापडायची, पण व्हिएन्नाच्या याकोब एर्डहाइम यांच्यासारख्या मातब्बर संशोधकाचं मत पडलं की हाडं बिघडल्यामुळे ग्रंथी वाढते, म्हणजे ती बिचारी मदतीला धावते. हे मत मानलं तर उपचार उघड होता: रुग्णाला ग्रंथी आणखी द्या! व्हिएन्नातच फेलिक्स मांडल यांनी एका ट्राम कर्मचाऱ्याला आधी ग्रंथीचा अर्क दिला, मग अपघातात मेलेल्या माणसाच्या ग्रंथी त्याच्या अंगात बसवल्या. सुधारणा शून्य. तेव्हा १९२५ च्या जुलैमध्ये मांडल यांनी उलटा डाव टाकला. गळा उघडला, गाठ शोधली आणि काढून टाकली. रुग्णाची दुखणी ओसरली. पुढे काही वर्षांनी आजार उलटला, तरी आरोपी कोण ते ठरून गेलं. कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली की किती वाट चुकते, याचं इतकं उघडंवाघडं उदाहरण वैद्यकात दुसरं मला तरी आठवत नाही.

कॅप्टनचं मात्र नशीब वेगळं. ड्युबॉय यांनी त्याला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात पाठवलं. तिथे १९२६ मध्ये दोनदा गळा उघडला. गाठ सापडली नाही. १९२९ मध्ये न्यूयॉर्कला तिसऱ्यांदा, पुन्हा हात रिकामे. १९३२ मध्ये तो बॉस्टनला परतला, तेव्हा एडवर्ड चर्चिल आणि ऑलिव्हर कोप यांनी आणखी तीन शस्त्रक्रिया केल्या. तरी नाहीच. या वर्षांत मार्टेल स्वस्थ बसला नव्हता. हार्वर्डच्या वैद्यकीय ग्रंथालयात जाऊन त्याने शरीररचनेची पुस्तकं चाळली आणि ‘आता छाती उघडा’ असा आग्रह धरला.

त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. गर्भात खालच्या दोन पॅराथायरॉइड ग्रंथी थायमस या छातीतल्या ग्रंथीसोबतच तयार होतात आणि तिच्याबरोबरच खाली सरकतात. गळ्याशी थांबायचं सोडून एखादी छातीपर्यंत जाऊन बसते. सातव्या वेळी, २ नोव्हेंबर १९३२ ला, छातीचं हाड चिरल्यावर सुमारे तीन सेंटिमीटरची गाठ हाती आली. कॅल्शियम एकदम कोसळू नये म्हणून शल्यविशारदांनी तिचा एक तुकडा मुद्दाम शाबूत ठेवला. तरीही ते कोसळलंच. वर्षानुवर्षं उपाशी राहिलेली हाडं अशा वेळी रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखं ओढून घेतात. डॉक्टर याला आज ‘हंग्री बोन’ म्हणतात. कॅप्टनला पेटके येऊ लागले. मग मूत्रवाहिनीत खडा अडकला, तो काढायला पुन्हा चिरफाड करावी लागली आणि सातव्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांत तो गेला.

पुढची चाळीसेक वर्षं हा आजार दुर्मीळच समजला जाई. १९६३ मध्ये सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी किरणोत्सर्गी खुणेच्या पद्धतीने रक्तातलं पीटीएच मोजून दाखवलं. सत्तरच्या दशकात एका नमुन्यातून डझनभर तपासण्या करणारी स्वयंचलित यंत्रं आली. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टरला १९७४ मध्ये कॅल्शियमची सरसकट तपासणी सुरू झाली आणि रुग्णांची संख्या एकदम उसळली. रोग वाढला नव्हता, दिसायला लागला होता. सापडलेल्यांतले बरेच जण ठणठणीत होते, फक्त आकडा थोडा वर.

भारतात चित्र वेगळं राहिलं. चंदिगड, लखनौ, दिल्ली आणि आपल्या परळच्या केईएम रुग्णालयातल्या संप्रेरकतज्ज्ञांनी छापलेल्या नोंदींत जास्त करून दिसतात ते हाडं दुखणारे, हाडं मोडलेले, मुतखड्यांनी हैराण झालेले आणि पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा वयाने लहान लोक. केईएमच्या डॉक्टरांनी तर मुलांमधल्या आणि किशोरवयीनांमधल्या या आजारावर वेगळं लिहिलं आहे. एक कारण म्हणजे ड जीवनसत्त्वाचा आपल्याकडचा तुटवडा. त्यामुळे हाडांचं नुकसान वाढतं आणि रक्तातलं कॅल्शियम तितकंसं चढत नाही, कधी मर्यादेच्या आतच राहतं. दुसरं कारण साधं आहे. मुतखडा झाला की आपण सोनोग्राफी करतो, भरपूर पाणी आणि कुळथाचं कढण पितो, वेळ पडली तर खडा फोडून घेतो. रक्तातलं कॅल्शियम बघायला सांगणारे डॉक्टर भेटायला नशीब लागतं.

बघितलं तरी रिपोर्ट वाचता यायला हवा. समजा कागदावर कॅल्शियम ११.४ आहे, त्याच्यापुढे ठळक खूण. खाली पीटीएच ५८, लॅबची मर्यादा १५ ते ६५, म्हणून खूण नाही. ‘पीटीएच नॉर्मल’ असं म्हणून फाइल बंद होते. पण कॅल्शियम ११.४ असताना निरोगी ग्रंथींनी पीटीएच तळाला न्यायला हवं होतं. मर्यादेतला तो ५८ हाच या रिपोर्टमधला सगळ्यात संशयास्पद आकडा आहे. यंत्र दोन ओळी वेगवेगळ्या तपासतं, त्या एकत्र वाचणं डॉक्टरांवर सोडतं. शिवाय अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा दिसतो त्याहून वर धरावा लागतो. रक्तदाबाच्या काही पाणी काढणाऱ्या गोळ्यांनी आणि मानसिक आजारावरच्या लिथियमने कॅल्शियम वाढतं, त्याची चौकशी करावी लागते. आणि लघवीतलं कॅल्शियम तपासावंच लागतं. कारण काही घराण्यांत ते कॅल्शियम ओळखणारं प्रथिनच जन्मतः मंद असतं: रक्तात कॅल्शियम जरा जास्त, लघवीत कमी, तब्येत छान. अशा माणसाचा गळा कापून हाती काही लागत नाही.

गाठ शोधण्याचं काम आता सोपं झालंय. सेस्टामिबी हे किरणोत्सर्गी द्रव्य मुळात हृदयाच्या तपासणीसाठी आणलेलं. ते पॅराथायरॉइडच्या गाठीतही रेंगाळतं, हे १९८९ मध्ये लक्षात आलं. छातीत दडलेली गाठसुद्धा त्यात उमटू शकते. शस्त्रक्रियेच्या टेबलावरची युक्ती तर मला फारच आवडते. पीटीएचचं रक्तातलं आयुष्य जेमतेम काही मिनिटांचं. त्यामुळे गाठ काढली की दहा मिनिटांनी रक्त घ्यायचं. पीटीएच निम्म्याहून खाली आलं असेल तर टाके घालायचे, नाहीतर दुसरी गाठ शोधायची. मायामीच्या जॉर्ज अर्विन यांनी ही पद्धत रुळवली.

मग ज्यांना काहीच त्रास नाही, फक्त आकडा वर आहे, त्यांनी शस्त्रक्रिया करावी का? स्कँडिनेव्हियातल्या डॉक्टरांनी असे १९१ सौम्य रुग्ण घेतले, सगळे पन्नाशीपुढचे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून काहींची गाठ काढली, काहींवर नुसती नजर ठेवली. दहा वर्षांनंतरचा निकाल २०२२ मध्ये आला: मृत्यू, हाडं मोडणं, हृदयविकार, मुतखडे, कशातच लक्षणीय फरक नाही. मात्र वय पन्नाशीच्या आत असेल, कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा एक मिलिग्रॅमहून जास्त वाढलेलं असेल, हाडं विरळ झाली असतील किंवा मूत्रपिंडात खडे असतील, तर तज्ज्ञ शस्त्रक्रियेचाच सल्ला देतात. आपल्याकडचे बहुतेक रुग्ण याच गटात मोडतात. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमुळे मुंबई-पुण्यात सौम्य रुग्णही आता सापडू लागलेत. त्यांनी वर्षातून एकदा कॅल्शियम तपासायचं आणि वर्षा-दोन वर्षांनी हाडांची घनता. ती मोजताना मनगटाजवळच्या हाडाचीही मोजून घ्यावी. पीटीएच हाडाचं टणक कवच आधी पोखरतं आणि ते तिथे सगळ्यात चांगलं दिसतं, पण नेहमीच्या तपासणीत फक्त कंबर आणि खुबा बघून काम उरकलं जातं.